डेल्टा प्रिंटरमधील ढिले सांधे: लवचीक बिजागरी बसवण्याआधी काय तपासावे

डेल्टा प्रिंटर म्हणजे तीन उभ्या टॉवरवरून येणाऱ्या दांड्यांनी नोझल, म्हणजे वितळलेले प्लॅस्टिक सोडणारी तोटी, हलवणारा थ्रीडी प्रिंटर. तो वापरणाऱ्यांची एक तक्रार वारंवार कानावर येते आणि माझ्या स्वतःच्या यंत्रावरही ती दोन वेळा उद्भवली आहे. यंत्र नवे असताना वस्तूच्या भिंती गुळगुळीत येतात. काही महिन्यांनी कोपरा वळल्यानंतर लगेचच्या भागात भिंत किंचित सरकलेली दिसू लागते, पहिला थर बेडच्या, म्हणजे ज्यावर वस्तू छापतो त्या पाटाच्या, एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला सुटतो, छोटी भोके गोल येण्याऐवजी लंबगोल येतात. जी३३, म्हणजे यंत्राला स्वतःची मापे पुन्हा जुळवायला लावणारी आज्ञा, देऊन कॅलिब्रेशन केले की दोन दिवस यंत्र बरे चालते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण बॉल जॉइंटवर, म्हणजे दांड्यांच्या टोकांच्या गोळा-वाटीच्या सांध्यांवर, बोट ठेवतात आणि त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे सांधेच काढून टाकून त्या जागी लवचीक पदार्थाची बिजागरी बसवली, तर ढिलाईचा प्रश्न मुळापासून मिटेल का?

ढिलाई मिटते, हे खरे आहे. जिथे दोन भाग एकमेकांवर घासतच नाहीत, तिथे झिजून सैल व्हायला काही उरत नाही. पण ढिलाईच्या जागी दुसऱ्या जातीची चूक येते आणि ती पत्करण्याआधी या दोन जातींतील फरक नीट समजून घेतला पाहिजे. ढिल्या सांध्याची चूक बलाच्या दिशेवर अवलंबून असते. नोझल त्याच बिंदूवर डावीकडून आले तर एका जागी थांबते आणि उजवीकडून आले तर दुसऱ्या. चांगल्या लवचीक बिजागरीची चूक नोझल बेडवर कुठे आहे यावर अवलंबून असते आणि त्या ठिकाणी ती दर वेळी तेवढीच येते. दुसऱ्या चुकीचा काही अंशी हिशेब फर्मवेअरला, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या प्रोग्रामला, करता येतो. पहिलीचा मुळीच करता येत नाही, कारण सांधा त्या क्षणी कोणत्या बाजूला टेकला आहे हे फर्मवेअरला कळण्याचा मार्गच नाही. म्हणून पदार्थ बदलण्याआधी आपल्या यंत्रातील चूक कोणत्या जातीची आहे ते ठरवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

सांध्यांवर एवढा भार का पडतो

डेल्टा यंत्रणेची मूळ कल्पना रेमों क्लावेल यांनी १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठात मांडली. तीन बाजूंना दांड्यांची एकेक समांतर जोडी असल्यामुळे मधला भाग, म्हणजे इफेक्टर, कुठेही गेला तरी तिरपा होत नाही, हे तिचे मर्म. योहान रोखोल यांनी २०१२ मध्ये रोस्टॉक आणि त्यामागोमाग कोसेल ही यंत्रे खुली केली, तेव्हा हीच रचना उभ्या टॉवरवर सरकणाऱ्या कॅरेजला जोडली गेली. रोस्टॉकमध्ये छापलेले युनिव्हर्सल जॉइंट होते. कोसेलमध्ये रिमोटवर चालणाऱ्या मोटारींच्या सुकाणूसाठी बनणारे प्लॅस्टिकचे रॉड एंड, म्हणजे आत गोळा बसवलेली टोके, आले आणि आजही स्वस्त यंत्रांत तीच पद्धत दिसते.

सहा दांड्या आणि प्रत्येकीला दोन टोके, म्हणजे बारा सांधे झाले. त्यांतला एक सैल झाला तरी काय होते, ते आकड्यांत पाहू. बेडच्या मध्यावर दांड्या आडव्या पातळीशी ६० अंशांचा कोन करतात असे धरले आणि एका टॉवरची जोडी ढिलाईमुळे ०.०५ मि.मी. ने लांब झाली, तर नोझल आडवे सुमारे ०.०७ मि.मी. सरकते आणि उभ्या दिशेने सुमारे ०.०२ मि.मी. उभ्या दिशेतील चूक लहान असते, म्हणूनच बेड तपासणाऱ्या प्रोबचे आकडे चांगले येतात आणि तरीही भिंती खराब येतात. याहून वाईट प्रकार जोडीतील एकच दांडी सैल असेल तेव्हा होतो. समांतरपणा मोडतो आणि इफेक्टर तिरपा होतो. दोन दांड्यांमध्ये ५० मि.मी. अंतर असेल, नोझलचे टोक सांध्यांच्या पातळीपेक्षा ४० मि.मी. खाली असेल आणि ढिलाई ०.१ मि.मी. असेल, तर केवळ तिरपेपणामुळे टोक सुमारे ०.०६ मि.मी. हलते. नोझल जितके खाली लोंबते तितकी ही चूक वाढते. बदललेला हॉटएंड (प्लॅस्टिक वितळवणारा भाग) आधीच्यापेक्षा लांब असेल आणि त्यानंतरच त्रास सुरू झाला असेल, तर याच कारणाचा संशय आधी घ्यावा.

आता प्रश्न असा पडतो की ढिलाई असूनही यंत्र काही वेळा चांगले का छापते. इफेक्टर दांड्यांना लटकलेला असतो, त्यामुळे त्याच्या वजनाने सर्व दांड्या ताणात राहतात आणि प्रत्येक सांध्यातला गोळा वाटीच्या एकाच बाजूला टेकून बसतो. इफेक्टरला एखाद्या टॉवरपासून दूर जाणारा आडवा वेग द्यायचा झाला की त्या टॉवरच्या दांड्यांमधला ताण कमी होतो. प्रवेग पुरेसा मोठा असेल तर ताण शून्यावर येतो, दांडी ढकलू लागते आणि गोळा वाटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आदळतो. ६० अंशांच्या कोनासाठी बेडच्या मध्यावर ही मर्यादा सुमारे २८०० मि.मी. प्रति सेकंद वर्ग इतकी निघते. अनेक डेल्टा यंत्रांत प्रवेग ३००० ठेवलेला असतो, म्हणजे आपण नेमके या उंबरठ्यावर छपाई करत असतो. बेडच्या कडेला मर्यादा आणखी खाली येते, कारण तिथे बहुतेक वजन जवळच्या टॉवरच्या दांड्यांवर जाते आणि दूरच्या दोन जोड्यांवर ताण फार थोडा उरतो.

या हिशेबात इफेक्टरचे वस्तुमान दोन्ही बाजूंना येऊन कटून जाते. इफेक्टरवर वजन बांधून ढिलाई दाबण्याचा उपाय अनेक जण सुचवतात; फिलामेंटच्या नळीची किंवा वायरींच्या जुडग्याची ओढ दाबायला त्याचा उपयोग होतो, पण प्रवेगामुळे उलटणाऱ्या सांध्यावर त्याचा काहीही परिणाम होत नाही आणि बेल्टवरचा भार मात्र वाढतो.

तपासणी

पहिली तपासणी हातानेच करावी. प्रिंटरचा विद्युतपुरवठा चालू ठेवून यंत्र होम करावे (सुरुवातीच्या जागी न्यावे), म्हणजे मोटारी जागा धरून राहतील. मग इफेक्टर बेडच्या मध्यावर हाताला येईल एवढा खाली आणावा. एका हाताची तर्जनी सांध्यावर अशी ठेवावी की तिचा अर्धा भाग गोळ्याच्या बोल्टवर आणि अर्धा दांडीच्या टोकावर येईल, आणि दुसऱ्या हाताने दांडी तिच्या लांबीच्या दिशेने हलके ओढावी व ढकलावी. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण सैल सांध्यात बोटाच्या टोकाला बारीकसा ‘टिक्’ जाणवतो, जसा झिजलेल्या बॉलपेनच्या रिफिलला दाबल्यावर जाणवतो. बाराही सांध्यांवर हे करावे आणि ज्यात टिक् लागतो त्याला मार्करने ठिपका द्यावा. माझ्या यंत्रात बारापैकी तीनच सांधे असे निघाले होते, आणि तिन्ही इफेक्टरच्या बाजूचे, जिथे हॉटएंडची ऊब पोचते.

दुसरी तपासणी डायल गेजची, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाची, आहे आणि निर्णयासाठी ती सर्वांत मोलाची आहे. डायल गेज बेडवर भक्कम बसवून त्याचे टोक इफेक्टरला आडवे टेकवावे. स्प्रिंगच्या काट्याने इफेक्टर एका बाजूला १०० ग्रॅम इतक्या बलाने ओढून हळूच सोडावा आणि आकडा लिहून घ्यावा. मग तेवढ्याच बलाने विरुद्ध बाजूला ओढून सोडावा आणि पुन्हा आकडा लिहावा. सोडल्यानंतरचे दोन्ही आकडे एकच असतील आणि ओढताना मात्र काटा बलाच्या प्रमाणात हलत असेल, तर ती लवचीकता आहे. बेल्टचा ताण किंवा फ्रेमची ताठरता पाहावी. सोडल्यानंतरचे आकडे वेगवेगळे राहत असतील, तर ती ढिलाई आहे. माझ्याकडे हा फरक ०.०९ मि.मी. आला होता. ०.४ मि.मी. नोझलच्या रेघेत एवढे सरकणे तिरप्या उजेडात सहज दिसते.

तिसरी तपासणी छपाईची. एकच चौकोनी पोकळ तुकडा एकदा १००० प्रवेगाने आणि एकदा ३००० प्रवेगाने छापावा, बाकी काहीही बदलू नये. कोपऱ्यानंतरची खूण १००० वर नाहीशी होत असेल, तर सांधा उलटत असल्याचा संशय बळावतो. मात्र इथे एक गल्लत टाळली पाहिजे: फ्रेमच्या कंपनामुळे येणाऱ्या लहरीही कमी प्रवेगावर मंदावतात. त्या कोपऱ्यानंतर दोन-चार वेळा पुन्हा पुन्हा उमटतात आणि विरत जातात. सांधा उलटला की भिंत एकदाच पायरीसारखी सरकते. नख फिरवून पाहिल्यास हा फरक डोळ्यांपेक्षा लवकर कळतो.

याच्या उलट, बेडच्या मध्यावर हळू वेगाने छापलेल्या वर्तुळावर सहा खुणा येत असतील, तीन टॉवरच्या समोर आणि तीन त्यांच्या बरोबर विरुद्ध, तर आधी सांध्यांकडे जाऊ नये. त्या सहा ठिकाणी एकेका कॅरेजची दिशा उलटते. सैल बेल्ट, पुलीचा सुटलेला ग्रब स्क्रू किंवा कॅरेजची ढिली चाके यांमुळे ही खूण येते. सांध्यांमुळे आलीच तर ती घट्ट, अडखळणाऱ्या सांध्यामुळे येते.

प्रोबच्या एम४८ चाचणीवर, म्हणजे एकच बिंदू पुन्हा पुन्हा मापणाऱ्या आज्ञेवर, एकट्यावर विसंबू नये. ती चाचणी एकाच जागी वर-खाली होते, सांधे दर वेळी एकाच बाजूला टेकतात आणि आकडा सुरेख येतो. मार्लिन या फर्मवेअरमध्ये त्याच आज्ञेला ‘एल’ जोडून प्रत्येक मापाआधी इफेक्टर इकडेतिकडे फिरवता येतो. साध्या चाचणीचा आणि या चाचणीचा आकडा शेजारी ठेवून पाहावा. फिरवल्यानंतरच्या मापांत तफावत वाढली, तर सांधे बोलत आहेत असे समजावे.

एक शेवटची गोष्ट पटकन सांगतो. कार्बन नळीच्या दांड्यांत टोकाचा बोल्ट इपॉक्सीने चिकटवलेला असतो. हे चिकटवण सुटले तर लक्षणे हुबेहूब ढिल्या सांध्यासारखी दिसतात आणि नवे सांधे घालूनही जात नाहीत. नळी एका हाताने व टोक दुसऱ्या हाताने धरून पिळून पाहावे.

आहे तो सांधा सुधारणे

ढिलाई सिद्ध झाली तरी बहुतेक यंत्रांत लगेच सांधा बदलण्याची गरज नसते. प्रत्येक जोडीच्या दोन दांड्यांना एकमेकींकडे ओढणारी एक हलकी ताणाची स्प्रिंग, दोन्ही टोकांच्या सांध्यांजवळ एकेक अशी, बसवावी. गोळा वाटीच्या एका कडेला कायमचा टेकलेला राहतो आणि प्रवेग उलटला तरी जागा सोडत नाही. कारखान्यांतील माल उचलणाऱ्या डेल्टा रोबोंच्या जोडदांड्यांवर अशा स्प्रिंगा दिसतात, त्या याचसाठी असतात. छोट्या प्रिंटरच्या इफेक्टरला ३००० प्रवेग द्यायला लागणारे बल अर्ध्या न्यूटनच्या आसपास असते, त्यामुळे दोन-तीन न्यूटनची, म्हणजे दोनशे-तीनशे ग्रॅम ताणाची स्प्रिंग पुरते. जाड स्प्रिंग लावली तर पातळ दांड्या धनुष्यासारख्या वाकतात आणि प्लॅस्टिकची वाटी लवकर झिजते. रबर बँड तात्पुरत्या परीक्षेला ठीक आहे. तो लावून दोष गेला, तर स्प्रिंग आणावी.

चुंबकी सांधे हा दुसरा मार्ग. पोलादी गोळा चुंबकाच्या ओढीने वाटीत बसलेला असतो, त्यामुळे झीज झाली तरी गोळा वाटीत आत सरकतो आणि ढिलाई येत नाही. मला हा पारंपरिक सांध्याचा सर्वांत समंजस अवतार वाटतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या पुढे कायमचे कमजोर होऊ लागतात, म्हणून बंदिस्त आणि तापवलेल्या कक्षात ते हॉटएंडजवळ ठेवू नयेत. आणि ज्या खोलीत ग्राइंडर किंवा लेथ चालते, तिथे लोखंडाचा कीस नेमका त्या गोळ्यांवर येऊन बसतो आणि वाटीचा सँडपेपर करतो. त्याच खोलीत काम करायचे असेल, तर चुंबकी सांधे घेऊ नयेत.

लवचीक बिजागरी: कोणता पदार्थ काय करतो

वरचे सर्व करूनही ज्यांना घर्षण नसलेला सांधा हवा आहे, त्यांच्यासाठी आता मुख्य विषय. खोबरेल तेलाच्या बाटलीचे उघडझाप होणारे झाकण हातात घेऊन पाहावे. झाकण आणि बूच यांना जोडणारी पट्टी कागदाएवढी पातळ असते, वाकवलेल्या जागी ती पांढरट दिसते आणि बाटली संपेपर्यंत शेकडो वेळा उघडूनही तुटत नाही. ते पॉलिप्रॉपिलीन आहे. पहिल्यांदा वाकवताना त्याचे लांबट रेणू वाकण्याच्या दिशेने ओढले जाऊन रांगेत बसतात आणि पट्टी अधिकच चिवट होते. लवचीक सांध्यासाठी सहज मिळणाऱ्या पदार्थांत मी यालाच पहिले स्थान देतो. स्टेशनरीच्या दुकानातील प्लॅस्टिक फायलींची पाठ बहुधा याच पदार्थाची असते. प्रयोगाला तेवढी पुरते. छापून बिजागरी करायची असेल, तर छपाईच्या रेघा घडीला आडव्या, म्हणजे दांडीच्या दिशेने जाणाऱ्या ठेवाव्यात. घडीच्या दिशेने रेघा आल्या तर ती दोन रेघांच्या मधूनच फाटते.

टीपीयू (रबरासारखे लवचीक प्लॅस्टिक) छापायला सोपे असल्यामुळे बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात, आणि निराशाही तिथेच पदरी पडते. त्याची जाड मान, म्हणजे वाकणारा भाग, वाकवली की ती परत फिरण्यासाठी जोर लावते. ४ मि.मी. चौकोनी आणि ५ मि.मी. लांब मानेचा हिशेब केला, तर ४० अंशांच्या वाकणात एका दांडीमागे येणारा प्रतिकार साधारण १०० ग्रॅमच्या इफेक्टरच्या संपूर्ण वजनाएवढा होतो, आणि अशा दांड्या सहा. त्याहून घातक म्हणजे टीपीयू लगेच पूर्ववत होत नाही; आधी कोणत्या दिशेने वाकले होते याची आठवण ते काही काळ धरून राहते. म्हणजे जी चूक घालवायची म्हणून आपण सांधा बदलला, ती दिशेवर अवलंबून असणारी चूक दुसऱ्या रूपात परत येते. वरील डायल गेजच्या चाचणीत टीपीयूचा सांधा ढिल्या बॉल जॉइंटसारखाच आकडे देतो, फक्त काटा सावकाश सरकत राहतो.

नायलॉन चिवट आहे, पण हवेतील ओल शोषून ते फुगते आणि मऊ होते. मुंबईत किंवा कोकणात मे महिन्यात केलेले कॅलिब्रेशन जुलैत टिकण्याची अपेक्षा नायलॉनच्या बिजागरीकडून ठेवू नये. मासेमारीची वेणीदार दोरी सांध्याच्या जागी वापरली तर ढिलाई, प्रतिकार आणि झीज तिन्ही जवळजवळ नसतात. मात्र दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही. वर सांगितलेली २८०० ची मर्यादा इथे पायरीपुरती राहत नाही, ती ओलांडली की दोरी सैल पडते आणि इफेक्टर मोकाट होतो. दोरी वापरायची तर इफेक्टरला खाली खेचणारी स्प्रिंग हवीच.

स्प्रिंग स्टीलच्या पट्टीत परत फिरण्याचा गुण उत्तम आहे, पण तिथे ताणाचा हिशेब सोडून चालत नाही. ०.१ मि.मी. जाडीची पट्टी १० मि.मी. लांबीत ४० अंश वाकवली, तर तिच्या पृष्ठभागावर सुमारे ७०० मेगापास्कल ताण येतो. एकदा वाकवायला हे चालेल. लाखो वेळा वाकायचे असेल, तर पट्टी थकून तुटते. लांबी २० मि.मी. केली की ताण निम्मा होतो. आणि नेमकी इथेच लवचीक सांध्याची खरी अडचण समोर येते.

बिजागरीचे केंद्र सरकते

बॉल जॉइंट कितीही फिरला तरी त्याचे केंद्र गोळ्याच्या मध्यावरच राहते. फर्मवेअरचे सारे गणित दांडीची लांबी केंद्रापासून केंद्रापर्यंत कायम आहे या गृहीतावर उभे आहे. पट्टी वाकते तेव्हा ती एका बिंदूभोवती फिरत नाही, कमानीसारखी वळते, आणि तिचे फिरण्याचे केंद्र कोनाबरोबर सरकते. परिणामी दांडीची उपयोगी लांबी बदलते. हा बदल पट्टीच्या लांबीच्या आणि कोनाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ६० अंश वाकवल्यावर तो पट्टीच्या लांबीच्या सुमारे साडेसात टक्के असतो. ३० अंशांवर सुमारे दोन टक्के. २० मि.मी. ची पोलादी पट्टी ६० अंश वाकली, तर दांडी एका टोकाला दीड मिलिमीटरने बदलते. १.५ मि.मी. लांबीच्या पॉलिप्रॉपिलीन घडीत हाच बदल ०.१२ मि.मी. च्या आत राहतो. घडी आखूड असणे हे पदार्थाच्या नावापेक्षा महत्त्वाचे आहे, आणि एवढ्या आखूड घडीत टिकणारा पदार्थ म्हणून पॉलिप्रॉपिलीन पुढे येते.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो न केल्यामुळे चांगले प्रयोग फसतात. बहुतेक जण बिजागरी कॅरेजवर सरळ उभी बसवतात, त्यामुळे तिला एकाच बाजूला ६० अंशांपर्यंत वाकावे लागते. डेल्टामध्ये दांडीचा कोन केवळ नोझलच्या आडव्या जागेवर ठरतो, उंचीवर नाही; नोझल मध्यावर असताना, वर असो की खाली, सर्व दांड्यांचा कोन तोच राहतो. म्हणून बिजागरीची बैठकच त्या कोनात तिरपी छापावी, म्हणजे मध्यावर घडी पूर्ण सरळ असते आणि दोन्ही बाजूंना साधारण ३० अंश वाकते. तेवढ्याने लांबीतील चूक साडेतीन पटींनी कमी होते. पॉलिप्रॉपिलीनच्या घडीत ती एका टोकाला ०.०३ मि.मी. च्या आसपास येते. शिवाय काम संपल्यावर यंत्र मध्यावर उभे केले की घडीवर ताण राहत नाही आणि प्लॅस्टिक एका बाजूला कायमचे वाकून बसण्याचा धोकाही टळतो.

दुसरी चूक हीसुद्धा नेहमीची: एक घडी एकाच दिशेत वाकते, आणि दांडीला मात्र टॉवरच्या दिशेने व आडवेही हलावे लागते. त्यामुळे प्रत्येक टोकाला एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन घड्या लागतात, आणि दोघींमधले अंतर शक्य तितके कमी ठेवावे. आडवी घडी टाळून पट्टी पिळू देणे हा मार्ग सोपा वाटतो, पण पिळलेली पट्टी इफेक्टरला वळवू पाहते आणि तिरपेपणाची चूक परत येते.

ओपनफ्लेक्शर प्रकल्पात सूक्ष्मदर्शकासाठी प्लॅस्टिकचा छापलेला डेल्टा स्टेज (नमुना सरकवणारी बैठक) आहे, आणि त्याचा दाखला अनेकदा दिला जातो. तो दाखला योग्य आहे, पण तिथली हालचाल काही मिलिमीटरची आहे, त्यामुळे घडी फारच थोडी वाकते आणि कोनाच्या वर्गाने वाढणारी चूक जवळपास नाहीशी होते. आपल्या प्रिंटरला शे-दीडशे मिलिमीटर फिरायचे असते.

यावरून माझा कल असा आहे: दांडी २०० मि.मी. च्या पुढे लांब असेल, छपाईचे क्षेत्र लहान असेल आणि प्रवेग २००० च्या आत ठेवायची तयारी असेल, तर पॉलिप्रॉपिलीनची आखूड, तिरप्या बैठकीची दुहेरी घडी हा खरोखर चांगला सांधा आहे. तो आवाज करत नाही, वंगण मागत नाही आणि धुळीला दाद देत नाही. मोठे बेड आणि वेगवान छपाई असेल, तर बॉल जॉइंटवर स्प्रिंगा लावाव्यात किंवा स्वच्छ खोली असेल तर चुंबकी सांधे घ्यावेत. एकाच यंत्रात अर्ध्या दांड्यांना बॉल आणि अर्ध्यांना बिजागरी असे मात्र करू नये. तीन टॉवरच्या चुका सारख्या असल्या की त्यातला काही भाग कॅलिब्रेशन सामावून घेते. त्या वेगवेगळ्या असल्या की बेडचा पृष्ठभाग एका बाजूला वाटीसारखा आणि दुसऱ्या बाजूला घुमटासारखा दिसू लागतो.

बसवल्यानंतर

कोणताही सांधा बदलला की सहाही दांड्या एकाच जिगवर कराव्यात. एका जाड फळीत दोन पोलादी पिना ठोकाव्यात आणि प्रत्येक दांडी त्यांच्यावर अडकवूनच चिकटवावी. व्हर्नियरने सहा वेगवेगळी मापे घेण्यापेक्षा हे अधिक भरवशाचे आहे, कारण लांबी नेमकी किती आहे यापेक्षा सहाही सारख्या आहेत हे अधिक महत्त्वाचे असते. इपॉक्सीला पूर्ण रात्र द्यावी. दुसऱ्या दिवशी फर्मवेअरमध्ये नवी लांबी भरावी, १०० मि.मी. चा तुकडा छापून मापावा, त्यानुसार लांबी सुधारावी आणि मगच जी३३ द्यावे. बिजागरी असेल तर त्याआधी इफेक्टर बेडच्या कडेकडेने वीस-पंचवीस फेऱ्या फिरवावा, म्हणजे घड्या बसतात. पहिल्या फेऱ्यांत पॉलिप्रॉपिलीन किंचित लांबते आणि ते लांबणे कॅलिब्रेशनच्या आधी होऊन गेलेले बरे. त्यानंतर डायल गेजची चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही आकडे यंत्राच्या फ्रेमवर मार्करने लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी भिंतीवर खूण दिसली की आधी तेच आकडे पुन्हा घेऊन पाहावेत.